लग्नासाठी बेट निवडताना: पंचांग, भरती आणि आबांचं अंदमान

ज्यांच्या घरी सध्या "लॉन-बिन नको, कुठेतरी बेटावर करू छोटंसं" असं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या घरी बरेच महिने हेच चाललं होतं आणि शेवटी माघात धाकटीचं लग्न स्वराज द्वीपला लागलं, म्हणजे २०१८ पर्यंत आपण ज्याला हॅवलॉक म्हणायचो ते अंदमानातलं बेट. लग्नानंतर इतक्या जणांनी फोन करून विचारलं, की कसं ठरवलं, म्हातारी माणसं कशी नेली, गुरुजी कुठून आणले, की म्हणलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

सगळ्यात आधी हे सांगते की बेट निवडायला बसाल तेव्हा इन्स्टा नंतर उघडा, पंचांग आधी उघडा. आपल्याकडे मुहूर्त कधी निघतात? तुळशीचं लग्न झालं की कार्तिकाचा शेवट आणि मार्गशीर्ष, मग पौषात कोणी करत नाही, मग माघ-फाल्गुन, आणि उन्हाळ्यात वैशाख-ज्येष्ठ. आता हेच महिने कुठल्या समुद्राला मानवतात ते बघत बसलं ना, की अर्धी बेटं आपोआप यादीतून उडतात, कोणाला नाही म्हणायची वेळच येत नाही.

मॉरिशस माझं पहिलं प्रेम होतं, अजूनही आहे. तिथे आपली मराठी माणसं आहेत, कोकणातून एकोणिसाव्या शतकात ऊसाच्या मळ्यांवर कामाला नेलेल्यांचे वंशज, शाळेत मराठी शिकतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मंगलाष्टकं म्हणणारं कुणीतरी तिथेच भेटेल या कल्पनेनेच मला भरून आलं होतं. पण ते बेट विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा आणि नोव्हेंबरपासून पुढे एप्रिलपर्यंत त्यांचा चक्रीवादळांचा सीझन, त्यातही जानेवारी ते मार्च जोरात. म्हणजे बरोबर आपली लग्नसराई. ज्यांना मुहूर्ताचं बंधन नाहीये, जून ते सप्टेंबरमध्ये कोरडं थंड हवामान चालणार आहे, त्यांनी मॉरिशसचा खरंच विचार करावा. आमच्या बाबांना चातुर्मासात लग्न चालणार नव्हतं, विषय संपला.

बालीचंही तसंच, नोव्हेंबर ते मार्च तिथे पाऊस. कोणीतरी म्हणलं मग पाडव्याला साखरपुडा करू बालीला, तर त्यात अजून एक गंमत कळाली. बालीतले हिंदू पण शक संवत्सरच पाळतात, आपल्या शालिवाहन शकाचेच आकडे, आणि त्यांचं नवीन वर्ष, न्येपी, बऱ्याचदा आपल्या पाडव्याच्या दिवशी किंवा एखाद दिवस मागे-पुढे येतं, २०२६ ला तर दोन्ही १९ मार्चलाच. पण त्यांच्याकडे त्या दिवशी पूर्ण मौन, दिवे नाहीत, रस्त्यावर कोणी नाही, चोवीस तास विमानतळसुद्धा बंद. मला ही प्रथा फार आवडली, पण आपण तिथे जाऊन ढोल वाजवायचा दिवस तो नव्हेच.

मालदीवचे फोटो सगळ्यात सुंदर, पाण्याचा रंगच वेगळा. तरी आमच्याकडून ते बाद झालं ते अन्नपूर्णेमुळे. आपल्याकडे मुलगी गौरीहर पुजते आणि सासरी जाताना माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बरोबर नेते, आणि मालदीवच्या कस्टम्सला पूजेच्या मूर्ती देशात आणायला मनाई आहे. त्यांचा देश, त्यांचे नियम, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. हनीमूनला जा, धार्मिक विधींसाठी नको. आजीची अन्नपूर्णा विमानतळावर ठेवून पुढे जायचं हे आमच्याकडून झालंच नसतं.

लक्षद्वीप २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान जाऊन आल्यापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. हवामान जमतं, निळं-हिरवं पाणी जमतं, पण तिथे जायला आपल्यालासुद्धा परमिट लागतं, विमान फक्त आगत्तीला उतरतं तेही छोटं, आणि राहायच्या खोल्या कमी. आणि मला मनापासून वाटतं की लक्षद्वीपवर आपण एवढं वऱ्हाड घेऊन जाऊच नये. पोवळ्याची इवलीशी बेटं ती, गोडं पाणी किती कमी असावं तर कवरत्तीला समुद्राचं पाणी गोड करायचा प्लांट बसवावा लागला २००५ ला. लग्नघरात दिवसभरात किती बादल्या लागतात ते आपल्या सगळ्यांना माहितीये. चार-सहा जण फिरायला जा, त्यांच्या पाण्यावर आपल्या पंगती नकोत.

दिवाडी मात्र शेवटपर्यंत यादीत होतं. गोव्यातलं, मांडवीतलं बेट, जुन्या गोव्याहून फेरीबोटीने पाच-दहा मिनिटांत पलीकडे, पूल नाही त्यामुळे अजून शांत, भातशेती आणि जुनी घरं. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं, पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडच्या नार्व्याला नेला आणि तिथल्या देवळाचा १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. नाशिकहून रात्रीची बस केली तरी सकाळी गोवा, सगळं वऱ्हाड एका गाडीत. ज्यांना दीडशे-दोनशे माणसं न्यायचीयेत आणि खर्च हाताबाहेर जाऊ द्यायचा नाहीये त्यांना मी आजही दिवाडीच सांगेन, डोळे झाकून. समुद्र नाही, नदी आहे, पण संध्याकाळी तिथलं पाणी आणि समोरची चर्चेस बघितली की कोणी समुद्र मागणार नाही.

मग अंदमान का? तर आबांमुळे. आबा म्हणजे आमचे आजोबा, नाशिकजवळच्या भगूरचे. भगूर म्हणजे सावरकरांचं जन्मगाव, २८ मे १८८३. आबांनी आयुष्यभर त्या वाड्यापुढून ये-जा केली आणि आयुष्यभर त्यांची एकच इच्छा की मरायच्या आधी अंदमानच्या सेल्युलर जेलमधली सावरकरांची ती कोठडी बघायचीये. नाशिक आणि अंदमानचं नातं कसलं आहे बघा. २१ डिसेंबर १९०९ ला आपल्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्याच खटल्याचे धागे लंडनपर्यंत गेले आणि सावरकर १९११ ला काळ्या पाण्यावर पोचले, त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीच तिथे होते. दोघं भाऊ एकाच तुरुंगात आणि बरेच दिवस एकमेकांची भेट नाही. आपण विजयानंदवरून जाताना गाडीचा हॉर्न वाजवत निघून जातो, आबा मात्र प्रत्येक वेळी हे सांगायचे.

धाकटी म्हणाली, मग माझं लग्न अंदमानातच करू, आबा येतीलच. आत्याला हे अजिबात पटेना. "पोरीचं लग्न काळ्या पाण्यावर? लोक काय म्हणतील?" आणि ती नुसती कुरकुर नव्हती, तिला खरंच अपशकुन वाटत होता, वर २००४ ची त्सुनामीही तिच्या डोक्यात होतीच. आबांनीच तिला समजावलं. म्हणाले, ज्यांनी तिथे कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ओढला त्यांनी तो आपल्या घरची लग्नं सुखाने व्हावीत म्हणूनच ओढला, तिथे सनई वाजली तर त्यांना आनंदच होईल. आत्या त्यानंतर एक शब्द बोलली नाही, उलट रुखवताची सगळी तयारी तिनेच केली.

आता कामाचं. अंदमानला दोन्ही मोसमी वारे पाऊस देतात, मे ते सप्टेंबर नैऋत्य आणि मग ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य, त्यामुळे मार्गशीर्षातला मुहूर्त तिथे मी तरी धरणार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरात वादळ आलं तेव्हा हॅवलॉक आणि शेजारच्या नील बेटावर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, नौदलाने जहाजं पाठवून बाहेर काढलं. तुमचं वऱ्हाड बेटावर आणि नवरदेव श्री विजयपुरमच्या जेट्टीवर, असं होऊ शकतं. (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, तिकिटं काढताना जुनं-नवं दोन्ही दिसतं, गोंधळू नका.) माघ-फाल्गुनात मात्र समुद्र शांत, आकाश मोकळं. पौष सरून पहिले मुहूर्त लागतात तेव्हाच हा काळ येतो, म्हणून मी म्हणलं पंचांग आधी.

आणि मुहूर्ताची वेळ! हे कुणाच्याच लक्षात येत नाही. आम्हाला गोरज मुहूर्त हवा होता. घड्याळ आपलं आणि अंदमानचं एकच, पण बेट किती पूर्वेला आहे, आपण साधारण पावणेचौऱ्याहत्तर रेखांशावर आणि ते त्र्याण्णवच्या आसपास, प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तासाचा फरक, ऋतूप्रमाणे थोडा कमी-जास्त. फेब्रुवारीत नाशिकला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, स्वराज द्वीपला साडेपाचलाच. डिसेंबरात तर पाचलाच अंधारायला लागतं. पंचवटीतले आमचे गुरुजी, घरची सगळी कार्यं तेच करतात, त्यांनी पत्रिका छापायच्या आधीच थांबवलं, म्हणाले छापील पंचांगातली वेळ तिथे चालणार नाही, तिथल्या अक्षांश-रेखांशावर लग्नशुद्धी परत काढायला लागेल. त्यांनी काढली आणि मुहूर्त आला पाच वाजून काही मिनिटांचा. म्हणजे नवरी चारला तयार पाहिजे, म्हणजे मेकअपवाली दुपारी एकला, म्हणजे जेवणं साडेअकराला. नाशिकच्या हिशोबाने चालला असतात तर मंगलाष्टकं अंधारात. हां आणि सूर्यास्त हवा असेल तर पश्चिमेचा किनारा धरा, राधानगर. विजयनगर, कालापत्थर हे पूर्वेला, तिथे सूर्योदय सुंदर, हळदीला मस्त.

दुसरी गोष्ट भरती. किनाऱ्यावर मांडव घालायचा तर मुहूर्त आणि भरती दोन्ही जुळायला पाहिजे. आपल्या कोकण-गोव्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावस्येला साधारण दुपारी आणि मध्यरात्री भरती, मग संध्याकाळी ओहोटी आणि ऐसपैस वाळू, पण त्या दिवसांचं उधाण मोठं असतं, पाणी खूप वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं. हा पाऊणपटीचा हिशोब अंदमानला लावू नका, तिथल्या भरतीच्या वेळा वेगळ्या, सर्व्हे ऑफ इंडियाचं टेबल मिळतं ते बघा आणि शिवाय तिथल्या कोळ्यांना विचारा. आमच्या मांडवाची जागा एका म्हाताऱ्या मच्छीमार काकांनी काठीने रेघ मारून दाखवली, "इसके नीचे मत आना", आणि रात्री पाणी खरोखर त्या रेघेच्या हातभर खाली येऊन थांबलं. सार्वजनिक किनाऱ्यावर कार्य करायचं तर तिथल्या प्रशासनाची परवानगी लागते, स्पीकर रात्री दहाला बंद, ते आपल्यासारखंच.

सामानाची यादी करताना फार डोकं लावायला लागलं. विमानात माणशी पंधरा किलो, त्यात शालू, पैठण्या, समई, पाट, अंतरपाट, रुखवत. नाशिकहून थेट नाही ना जाता येत, मुंबई, मग बऱ्याच जणांना चेन्नई नाहीतर कोलकाता बदलून, मग श्री विजयपुरमहून बोटीने दोनेक तास. प्रत्येक ठिकाणी सामान उतरवा-चढवा. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही हे किती जणांना माहितीये? तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून. कापूर, काडेपेटी तर नाहीच. ओटीच्या खोबऱ्याच्या वाट्या, होमाचा कापूर हे सगळं तिथे उतरल्यावर घ्यायचं असं ठरवूनच निघालो. नारळ आणि सुपारी मात्र तिथे उदंड, अंदमानात सुपारीच्या बागाच आहेत, गुरुजी एकदम खूश. फुलं विमानाने येतात त्यामुळे महाग, आम्ही मुंडावळ्या आणि हार मोत्यांचे इथूनच करून नेले आणि मांडवाला झावळ्या, केळीचे खुंट आणि थोडा झेंडू. काळा मसाला डब्यात भरून नेला. मसालेभात तिथल्या आचाऱ्याने आईच्या सांगण्यावरून केला आणि चांगला केला.

माणसं किती, हा सगळ्यात अवघड भाग. बोटीची तिकिटं आणि बेटावरच्या खोल्या मिळूनच तुमची यादी ठरते, तुमच्या इच्छेने ठरत नाही. आम्ही दोन्हीकडचे मिळून साठ-पासष्ट. ज्यांना बोलवलं नाही त्यांना बाबा स्वतः घरी जाऊन भेटले, नाशिकच्या कार्यक्रमाचं निमंत्रण हातात देऊन आले, फोनवर नाही सांगितलं. यामुळे कोणीही रुसलं नाही. तिकिटं ज्याची त्याने काढायची, राहणं-जेवण-बोट आमच्याकडे, असं ठरलं होतं, पण काही घरांना विमानाचं तिकीट जड जातं हे आपल्याला माहिती असतं, तिथे आईने कोणाला न सांगता तिकिटं काढून पाठवली. माझ्या मते हा पैसा आधीच बाजूला काढायला पाहिजे, डेकोरेशन कमी करून काढा, पण काढा. नाहीतर बेटावरच्या लग्नाला फक्त ऐपतवाले नातेवाईक येतात आणि फोटोत ते लगेच दिसतं.

औषधपाण्याचं सांगते. बेटावर सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठं हॉस्पिटल श्री विजयपुरमलाच, मध्ये बोट, आणि रात्री बोटी नाहीत. नवऱ्यामुलाच्या आजी धुळ्याच्या, हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी नको सांगितलं. त्यांनी घरी बसून लग्न बघितलं. २०२० पासून चेन्नईहून समुद्राखालून केबल आलीये, ती स्वराज द्वीपलाही जोडलीये, त्यामुळे मोबाईलवर लाइव्ह चांगलं दिसलं, अक्षता त्यांनी टीव्हीपुढे टाकल्या. पण समोर असणं ते समोर असणंच, विहीणबाई मंगलाष्टकं चालू असताना फोन छातीशी धरून उभ्या होत्या. घरात असं कोणी असेल ज्यांच्याशिवाय लग्न लागूच नये असं तुम्हाला वाटतं, तर बोटीचं बेट धरूच नका, एवढं मी अगदी कळकळीने सांगते.

आबा मात्र आले. लग्नाच्या आधी सगळं वऱ्हाड सेल्युलर जेल बघायला गेलं, आबा त्या जिन्यांवरून नातवाच्या खांद्यावर हात ठेवून वर चढले, कोठडीत जाऊन बसले, खिशात भगूरच्या वाड्यासमोरची माती आणली होती ती तिथे उंबऱ्यावर ठेवली. आम्हाला कोणालाच माहिती नव्हतं त्यांनी माती आणलीये. नवऱ्यामुलाकडच्यांनी, जे आम्हाला तोवर जेमतेम ओळखत होते, सगळ्यांनी तिथे वाकून नमस्कार केला. दोन घरं खरी जुळली ती तिथे असं मला वाटतं.

स्वराज द्वीपवरची गावं गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांना सरकारने तिथे वसवलं, त्यांनी जंगल साफ करून शेती केली. आम्ही नाशिक ढोल न्यायचा हट्ट विमानाच्या सामानामुळे सोडला, तर गावातले ढाक, म्हणजे बंगाली ढोल, वाजवणारे आले आणि धाकटी मांडवात आल्यावर बायकांनी उलुध्वनी दिला, म्हणजे जीभ हलवून काढतात तो शुभकार्याचा आवाज, आमच्या गुरुजींनी क्षणभर थांबून तो पूर्ण होऊ दिला आणि मग अंतरपाट धरला. बेटावर जाताय तर तिथल्या माणसांना मांडवात बोलवा, जेवायला बसवा. नुसता किनारा भाड्याने घेऊन परत येऊ नका.

येताना पिशव्या तपासा बरं का. पोरं शंख-शिंपले, पोवळ्याचे तुकडे गोळा करतात, ते अंदमानबाहेर न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि कायद्याचं लफडं वेगळंच. आणि पोहायला लाइफगार्ड सांगतील तिथेच, नाल्यांच्या तोंडाजवळ अजिबात नाही, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत तिथे, राधानगरजवळ २०१० मध्ये एका पर्यटक बाईंचा जीव गेलाय.

रजिस्ट्रेशन आम्ही नाशिकलाच स्पेशल मॅरेज ॲक्टखाली करून टाकलं होतं, ३० दिवसांची नोटीस लागते तेवढं लक्षात ठेवा. आणि परत आल्यावर वणीला सप्तशृंगीचं दर्शन, मग औरंगाबाद रोडच्या लॉनवर जेवण, जिलेबी-मठ्ठा, धुळ्याकडचे आचारी आणून खापरावरची पुरणपोळी, आणि ढोल तर असा वाजला की बस. दोन कार्यक्रम म्हणजे दुप्पट खर्च असं नसतं, तिकडे माणसं कमी आणि इकडे मानपान-आहेर बंद ठेवले.

आता धुळ्याच्या आजींचं सहस्रचंद्रदर्शन आहे पुढच्या हिवाळ्यात. त्यांना लग्नात नेता आलं नाही ही चुटपुट सगळ्यांनाच आहे, आणि समुद्र बघायचा त्यांचाही हट्ट आहे, म्हणून यावेळी पुलाचं बेट शोधलं, दीव. गाडी थेट हॉटेलच्या दारात जाते, बोट नाही, जिने नाहीत, नागोव्याचा किनारा उतरायला सोपा, १५३५ चा पोर्तुगीज किल्ला आहे तो पोरांसाठी. सुरतपर्यंत गाडीने आणि पुढे रात्रीच्या रेल्वेने वेरावळ. तिथून सोमनाथ लागूनच आणि दीव नव्वद किमीच्या आसपास. हजार चंद्र बघितलेल्या बाईला आधी चंद्राने पुजलेल्या सोमनाथाला न्यायचं आणि मग समुद्रावर, हे विहीणबाईंनीच सुचवलं आणि आजींच्या डॉक्टरांनी यावेळी हो म्हणलंय. तिथी बघायचं काम गुरुजींकडे दिलंय, खोल्यांचं माझ्याकडे.